मुकादमाची दुसरी वही

बहात्तरच्या दुष्काळात जळकोटजवळ रस्त्याच्या कामावर आम्ही खडी फोडत होतो. मुकादम बब्रुवानकडं दोन वह्या. एक हजेरीची. दुसरी कोपरीच्या खिशात, तिच्यात काय लिहितो ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं बनाबाईमुळं. भाकरी खाताना ती एवढंच म्हणाली, "पाणी दिलं न्हाय तर तहसीलवर मोर्चा काढू." दोन दिवसांनी बब्रुवाननं त्या वहीत बघून तिला कामावरून काढलं. घरात कमावणारी ती एकटी. त्या दिवशी आम्ही सहाजणी जेवायला होतो, म्हणजे आमच्यातलीच कुणीतरी फितूर.

माझा संशय नीलम्मावर. कर्नाटकातल्या आळंदकडची, घुमी, पाठ फिरवून भाकरी खाणारी. तिच्यासमोर तोंड उघडू नका, असं मी सगळ्यांना बजावलं. मग बायका एकमेकींपासूनही लांब बसायला लागल्या. कुणाकडं कोण आलं, कुणाचा दीर कुठल्या सभेला गेला, सगळं वहीत जातं म्हणे. आपल्याच माणसांत चोरासारखं कुजबुजायचं? माझं डोकंच फिरलं.

शेवटी तोड मीच काढली. दर सोमवारी हजेरीच्या वहीत नवं पान. त्यावर बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लागतं. आम्ही ते तोंडानं घेत नाही, शेजारची सांगते. या सोमवारी कुणीच कुणाचं सांगायचं नाही, असं ठरलं.

"पुतळाबाई, पुढं काय?" बब्रुवाननं विचारलं. पुतळाबाई गप्प. शेजारची विठाबाई गप्प. साठ बाया, एक नाव पुरं होईना. काम अडलं तसे रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर साहेब जीपमधून उतरले.

"काय पायजे तुमाला?"

"बनाबाईला कामावर घ्या," मी ओरडले. "आन् ती दुसरी वही समद्यांम्होरं वाचा. आमचं बोलणं लिवणारा ह्यो कोण?"

"वही वाचा!" सगळ्या बाया ओरडल्या.

साहेबांनी हात पुढं केला. बब्रुवान हळूच मला म्हणाला, "गजराआक्का, ऱ्हाऊ द्या की." घाबरला, असं मला वाटलं.

साहेब वाचू लागले, "बनाबाई मोर्चाची भाषा करते. गजराबाईनं सांगितलं. विठाबाईचा दीर सभेला गेला होता. गजराबाईनं सांगितलं."

रोज सकाळी बब्रुवान आपुलकीनं विचारायचा, "काय आक्का, काय म्हणत्यात बाया?" मुकादम आपल्याशी बोलतो याचंच मला अप्रूप. बनाबाईची तर मी तारीफ केली होती, लई धीट बाई म्हणून. ती चुगली होतेय हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

साहेबांनी वही ठेवून घेतली आणि बनाबाईला कामावर घेतलं. दुपारी सगळ्या नीलम्माभोवती गोल करून बसल्या. मी भाकरी घेऊन जवळ गेले. विठाबाई बोलता बोलता थांबली.

बनाबाई म्हणाली, "आक्का, तुमी जेवून घ्या. आमी मागनं बसतो."