उंच काठाची पितळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आहे. जेवायची, उंच काठाची. गोड बोलणं मला जमत नाही. पितळ आहे मी, ठोकलं की वाजते.

तांबटानं मला हातोडीनं बडवून घडवलं. भूमच्या बाजारातून मी बानूबाईच्या आंदणात बेंबळीला आले. तिचा नवरा सिदू मेंढरं राखायचा. रानातून आला की माझ्यात भाकरी कुस्करायचा, वर दूध ओतायचा आणि शेवटी काठावरून बोट फिरवून मला लख्ख करायचा. "हिच्यात जेवल्याबिगर पोट भरत न्हाय," म्हणायचा. मी फुगून जायचे. पुढे स्टीलची ताटं आली, कल्हईवाला यायचा बंद झाला आणि माझ्यात शेळीचा भरडा ठेवू लागले. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मग एका सकाळी सिदूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. लकव्याला आमच्याकडे असंच म्हणतात, आणि याच शब्दाचा मला संताप येतो. वारं म्हटलं की लोक तेल चोळत बसतात. अरे, तो झटका मेंदूला बसतो! तेलाची बाटली कसली शोधता, गाडी शोधा! सिदूला उशिरा दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय चालू लागला, पण उजवा हात पडून राहिला. डाव्या हातानं जेवायला तो मेला तरी तयार नव्हता. म्हणून बानूबाई भरवू लागली, तान्ह्या लेकराला भरवावं तसं.

हाताचे व्यायाम शिकवणारी शिवप्रिया घरी आली, तिनं ते पाहिलं.

"मावशी, भरवणं बंद करा. आता हात कामाला लावला नाही, तर आखडून बसेल."

"मालकाला उपाशी ठिवू का? तुझं लगीन झालं की कळंल तुला!"

सिदू हसला. "तिचं ऐक गं. तू भरवतीस, अन् गिळायला बी येळ देत न्हाईस."

पण तो उजव्या हातानं खाऊ लागला की स्टीलच्या सपाट ताटातून घास घसरून खाली पडायचा. "जड, काठाचं भांडं नाही का घरात?" शिवप्रियानं विचारलं. बानूबाईनं मला शेळीच्या तोंडापुढून ओढलं, चिंचेनं घासलं, बाजाराच्या गावाहून कल्हई करून आणलं.

सिदूची बोटं माझ्यात नुसती सरपटत होती. भाकरीचा काला पुढं पुढं पळाला आणि माझ्या काठाला अडला. तिथं तो चिमटीत आला. वर गेला, मिशीला लागला, मांडीवर सांडला. बानूबाईचा हात लगेच पुढं!

"हात मागं घी. सांडू दे."

"आवं, समदं धोतरावर गेलं की!"

"धोतर तू धू. घास म्या खातो."

बानूबाईनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. दुसरा घास वर निघाला तसं तिचं तोंड मात्र त्याच्याबरोबर आपोआप उघडलं. घास सिदूच्या तोंडात गेला, तेव्हा कुठं तिनं ते मिटलं.

मित्रांनो, घरात कुणाचा हात असा आजारी असेल, तर सांडलं म्हणून नाक मुरडू नका, आणि मायेपोटी घाईही करू नका. घास पडला तर तुम्ही भुई पुसा. पुढचा घास त्यांचा त्यांना उचलू द्या.