बाई गप्प बसल्या

चाळीस वर्षं वर्गात बोलून बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी नेमकं गप्प बसायचं काम पत्करलं. मनाच्या आजाराशी झगडणाऱ्या माणसांसोबत त्या एका संस्थेतर्फे दवाखान्यात जाऊ लागल्या. पगार नाही, नियम एकच: आपलं शहाणपण घरी ठेवायचं, सोबतच्या माणसाचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत पोचतंय ना, एवढंच बघायचं.

पहिलाच माणूस शिंपी. त्याच्या कानात आवाज यायचे. गोळ्यांनी आवाज निवळले, पण नजर धुरकटली. सुईचं नेढंही दिसेना. हे डॉक्टरांना सांगावं तर दर वेळी थोरला भाऊच आधी बोलून मोकळा होई. म्हणून शिंप्याने आणि बाईंनी मिळून मुद्दे कागदावर उतरवले.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी बाईंनाच विचारलं, "झोप कशी आहे यांची?"

"माझी छान आहे," बाई म्हणाल्या. "यांची यांनाच विचारा."

"एकदम उत्तम!" भाऊ म्हणाला. "काही त्रास नाही."

शिंप्याने कागद उलगडला, पाहिला, घडी घातली. अक्षर दिसत नव्हतं. बाईंच्या जिभेच्या टोकावर सगळे मुद्दे, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. बापजन्मात एवढा वेळ त्या गप्प बसल्या नव्हत्या.

"दादा," शिंपी अखेर म्हणाला, "उभा राहा बघू."

भाऊ गोंधळून उभा राहिला. पँट घोट्याच्या चार बोटं वर.

"ही मी गेल्या महिन्यात शिवली. टेपवरचे आकडे दिसत नव्हते, डॉक्टर. आवाज गेले ते बरंच झालं. पण माझा शिवणाचा हात गेला तर मी दिवसभर करू काय?"

डॉक्टरांनी वाकून पँट पाहिली. मग पहिल्यांदाच खुर्ची शिंप्याकडे वळवली. पाऊण तास बोलणं झालं. गोळी हळूहळू कमी करायचं ठरलं, दर पंधरवड्याला तपासणी.

बाहेर भाऊ फणकारला, "तुम्हीच पढवून आणलंत!"

"मी पढवलं असतं तर तुमची पँट मध्ये आली नसती," बाई म्हणाल्या. भाऊ खाली बघत नाइलाजाने हसला.

तीन महिन्यांनी शिंप्याचा फोन आला. "बाई, उद्या तपासणीला एकटाच जाईन म्हणतो. रागावणार नाही ना?"

"छे! रागवायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना जरा चुटपुट लागली. मग त्यांनी संस्थेचा नंबर फिरवला. "माझा माणूस सुटला हो. दुसरं कोण आहे?"