चार रविवारांची मुदत

माझी बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते आणि मी बंद पडलेल्या लिफ्ट चालू करतो. लग्नाला अकरा वर्षं झाली. ती पहाटेच शिकाऊ मंडळींना घेऊन रस्त्यावर उतरते, मी दिवसभर कुणाच्या तरी जिन्यात असतो आणि आमची भेट होते ती चपलांच्या स्टँडपाशी. तिथे आम्ही एकमेकांना दूध, गॅस आणि चाव्या यांची खबर देतो.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीनं दुसऱ्या शहरात गाडी शिकवायची शाळा काढली आणि हिला वर्षभरासाठी बोलावलं. हिनं मला विचारलं, जाऊ का? मी म्हणालो, बघ तुला काय वाटतं. मला वाटलं, केवढं हे माझं मोठं मन. तिचा चेहरा बघितल्यावर कळलं की माती खाल्ली. महिनाअखेर कळवते तिला, एवढंच बोलून ती आंघोळीला गेली. म्हणजे माझ्या हातात चार रविवार होते. तिनं जाऊ नये असं मला फार फार वाटत होतं, पण ते तोंडातून निघेल तर शपथ.

मी माझ्या थोरल्या बहिणीला गाठलं. तिनं लग्न केलेलं नाही, त्यामुळे या विषयावर ती बिनधास्त बोलते. तिनं फर्मान काढलं की सिनेमाला नेऊ नकोस, तिथे तू घोरतोस. हॉटेलात नेऊ नकोस, तिथे तू पंख्याकडे बघत बसतोस. दोघांना हातपाय हलवावे लागतील अशा ठिकाणी ने, दमलेली माणसं खरं बोलतात. एवढं सांगून तिनं मला ठिकाणांची यादीच पाठवली आणि प्रत्येकापुढे एकेक बदाम काढला.

पहिल्या रविवारी आम्ही नकली भिंतीवर चढायला गेलो. भल्यामोठ्या हॉलमध्ये चाळीस फुटी भिंत, तिला रंगीबेरंगी खुंट्या आणि चढणाऱ्याच्या कमरेला वरच्या कप्पीवरून आलेला दोर. आता दोर आणि कप्पी एकत्र दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. त्यात ती कप्पी कुरकुरत होती. तिची शेवटची तपासणी कधी झाली, असं मी तिथल्या मॅनेजरला विचारलं. तो चाचरला. अशा दोराला मी माझ्या बायकोला लटकू देईन काय? मी शिडी मागवली, वर गेलो, कप्पी उतरवली, पुसली, वंगण घातलं, पुन्हा बसवली. खाली आलो तेव्हा हॉल बंद करायची वेळ झाली होती आणि बायको डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून कालचा पेपर वाचत होती. मॅनेजरनं मला पुन्हा यायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. तिला नाही.

दुसऱ्या रविवारी जोडीनं नाचायला शिकवणाऱ्या वर्गात गेलो. तिथला गोंधळ मात्र पूर्णपणे तिचा. नाच शिकवणारे मास्तर एक पाय डावीकडे म्हणायचा अवकाश, ही माझा खांदा धरून सांगायची, आधी आरसा बघ, मागे कोण आहे बघ, आता सावकाश डावीकडे घे. भिंतभर आरसा होता, त्यामुळे बघायला सबबही चांगली होती. हिचा आवाज असा खणखणीत की दहा मिनिटांत बाकीच्या आठ जोड्याही हिचंच ऐकू लागल्या. तास संपला तेव्हा सगळे जण भिंतीला लागून सारख्या अंतरावर नीट उभे होते. मास्तर कोपऱ्यात पाणी पीत बसले होते.

तिसऱ्या रविवारी बागेतल्या तळ्यावर पायानं चालवायची होडी घेतली. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोघांच्या पायाखाली पेडल. इथे काय चुकणार, असं मला वाटलं. पण हिच्या शिकवायच्या गाडीत हिच्या बाजूलाही एक ब्रेक आहे आणि शेजारी कुणी काही चालवत असलं की हिचा पाय आपोआप खाली जातो. समोर बदक आलं की ही पेडल दाबून धरी. दुसरी होडी दिसली की दाबून धरी. मी पुढे रेटतोय, ही थांबवतेय, असं करता करता तळ्याच्या मधोमध साखळी उतरली. खरं सांगतो, मला आनंद झाला. खिशात पाना होता. मी पाऊण तास ओणवा होऊन साखळी बसवली. त्या पाऊण तासात मी दोनदा "पाना दे" म्हणालो आणि तिनं एकदा "कुठला?" विचारलं. काठावर उतरल्यावर मी म्हणालो, मजा आली. ती "हं" म्हणाली. ते "हं" ऐकून मी आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला लागलो.

चौथ्या रविवारी सायकली घ्यायला निघालो तर वाटेतच फोन आला. एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत गणिताच्या बाई होत्या, निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. बायको म्हणाली, चल, तसंही आता काय राहिलंय. ती माझ्याबरोबर आली आणि जिन्याच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली.

आमच्या धंद्यात एक शिरस्ता आहे. लिफ्टमध्ये माणूस अडकलं की ते बाहेर येईपर्यंत हात कामात आणि तोंड चालू ठेवायचं. गप्प बसलं की आतला माणूस घाबरतो. आणि खोटं बोलायचं नाही, कारण आतल्या माणसाला ते लगेच कळतं. मी लिफ्टच्या दाराच्या कुलपाच्या तारा सोडवता सोडवता बाईंशी बोलत होतो. जेवलात का? गुडघे कसे आहेत? उभ्या राहू नका, खाली बसा. मुलीचा फोन येतो का? मला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, तेव्हा मी मोठ्यानं पाढे म्हणायचो, हेही सांगितलं. बाईंनी आतून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला आणि दोनदा चूक काढली. पंचवीस मिनिटांनी त्या हसत बाहेर आल्या.

बायको पायरीवरून उठली. तिचे डोळे लाल झाले होते. "तुला अंधाराची भीती वाटायची हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं," ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती लिफ्टमध्ये शिरली, दार लावलं आणि वरचं बटण दाबलं. लिफ्ट अर्धा मजला गेली आणि थांबली. मी सवयीनं तारा तपासल्या. तारांमध्ये काही दोष नव्हता. तिनं आतलं थांबवायचं बटण दाबून धरलं होतं.

"आता बोल," आतून आवाज आला.

तोवर पिशव्या घेतलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका येऊन उभे राहिले होते. बाई तर हलायलाच तयार नव्हत्या. मी जेवलीस का, असं विचारलं. तुझ्यासमोरच जेवले, असं उत्तर आलं. बाईंनी नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. काकांनी पिशव्या खाली ठेवल्या.

मग मी दाराला कपाळ टेकलं, म्हणजे निदान ही दोघं दिसणार नाहीत. "जाऊ नकोस," मी म्हणालो. "बघ तुला काय वाटतं म्हणालो, ते खोटं होतं. तू घरात असतेस म्हणून मला न बोलता राहता येतं. तू नसलीस तर ते घर मला खायला उठेल."

मी दारावर दोनदा टकटक केली. एवढा वेळ कुणी आत गप्प राहिलं की मी घाबरतो.

"अजून आहे?" तिनं विचारलं.

"पुष्कळ आहे. अकरा वर्षांचं आहे. वेळ लागेल."

आत ती खाली बसल्याचा आवाज आला. मग तिनं फोन लावला. काका पिशव्या उचलून मुकाट्यानं जिना चढायला लागले. बाईंनी मला गप्प राहायची खूण केली.

"छोटे, मी येत नाहीये," आतून ऐकू आलं. "का ते नंतर सांगते. आत्ता ठेव, आमचं बोलणं चाललंय."