आगराचं मीठ, पुडीतलं मीठ

शेवंताचं माहेर पेडण्यातल्या आगरवाड्याचं, मिठागरवाल्यांचं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी डिचोलीच्या घरात मीठ यायचं ते तिच्या भावाकडूनच. म्हणून नवऱ्याचा, सगुणचा, रक्तदाब वाढला आणि सून तनयाने डॉक्टरांना विचारून निम्मं पोटॅशियम असलेलं पुडीतलं मीठ आणलं, तेव्हा शेवंताला घरात सवत आल्यासारखं वाटलं.

तनया हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवायची. सोडियम कमी केलं तरी हे खारट कसं, असं सासूने विचारलं. तनयाने समजावलं, सोडियम आणि पोटॅशियम दोघं एकाच गटातले. दोघांच्याही शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायची दोघांनाही घाई. म्हणून क्लोरीनशी दोघांचंही सारखंच जमतं आणि मीठच तयार होतं.

"मग फरक काय?"

"आतल्या कवचांचा, आई. पोटॅशियमला एक कवच जास्त. वागणं सारखं, पण शरीर दोघांना वेगळं ओळखतं."

शेवंताला पटलं. पण मिठाचं प्रमाण सांभाळायला म्हणून त्या दिवसापासून मासळीचं हुमण, रोजची आमटी, तनयाच करू लागली आणि सगुण जेवताना म्हणू लागला, हुमण करावं तर तनयाने. तीस वर्षांत शेवंताच्या वाट्याला असं वाक्य कधी आलं नव्हतं. एका सकाळी सून शाळेत गेल्यावर तिने पुडीतल्या मिठाचा डबा रिकामा केला आणि आगराचं मीठ मिक्सरमध्ये बारीक करून त्यात भरलं.

सगुणला काही कळलं नाही. त्याने हुमण वाखाणलं, तेही सुनेचंच. शेवंताच्या माहेरचं मीठ खाऊन तो तनयाचे गोडवे गात होता, आणि हे तिला कुणाला सांगताही येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी दाब पुन्हा चढला. प्रमाण माझंच चुकलं असेल, असं म्हणत तनयाने डॉक्टरांसमोर दोष स्वतःवर घेतला. घरी येऊन तिने डबा उघडला, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि थबकली. पोटॅशियमची ती किंचित कडवट चव कुठेच नव्हती.

"ते माझं आहे," शेवंता म्हणाली. "मीच बदललं. ते तुझं कौतुक करतात, मला बघवलं नाही."

तनयाने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बाबांना मी सांगणार नाही. पण यापुढे हुमण तुम्ही करा. पुडीतल्या मिठाने."

शेवंताने केलं. पहिला घास घेऊन सगुण म्हणाला, आज तनयाचा हात जरा वेगळा लागतो, पण चांगला आहे. तनया काही बोलायच्या आत शेवंताने सांगून टाकलं, "मी केलंय." आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.