कुंपणाबाहेर

मार्सेलिनने औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पदराखाली धरली.

काचेपलीकडे, इस्पितळाच्या उबेच्या पेटीत तिची नात. सातव्या महिन्यातच जन्मलेली. नाव नाही. बाप्तिस्मा नाही.

"आजी, आत फक्त आई," मनिषा सिस्टर पुन्हा म्हणाली.

आई आतच होती. सून नम्रता. मिरकरवाड्याची, हिंदू. लग्न चर्चमध्ये लागलं, तेव्हा मार्सेलिन पहिल्या बाकावर मान फिरवून बसली होती. आता त्याच मुलीला कुठल्या तोंडाने म्हणायचं, की माझ्यासाठी एवढं कर?

फादर इनास जिना चढून आले. तरुण, हातात हेल्मेट.

"फादर, आत चला. पोर तशीच गेली तर?"

"मावशी, बसा आधी."

"बसा नका सांगू. तशीच गेली तर कुठे जाईल ती?"

"देवाकडे."

"बाप्तिस्म्याशिवाय?"

"बाप्तिस्मा देऊच. पण नाही जमलं, तरी देवाच्या दयेवर सोडा. चर्च आता असंच सांगतं."

"आता म्हणजे कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मला नाय कुणी सांगितलं."

तिचा पहिला मुलगा मेलेलाच जन्मला होता. मेलेल्याला बाप्तिस्मा नाही. सासऱ्यांनी खोकं उचललं आणि दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, काजूखाली पुरलं. क्रूस नाही. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती आतल्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि बाहेर

लावायची नाही.

"म्हणजे तोपण?" ती म्हणाली.

"कोण, मावशी?"

दार उघडलं. नम्रताचे डोळे सुजले होते.

"आई, डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही." तिची नजर पदरावर गेली. "मघापासून काय लपवताय? पाणी ना? द्या इकडे."

"तुझ्या आयेला नाय आवडायचं."

"आयेचा अंगारा पेटीला लावून झालाय. सिस्टर ओरडली पण. तुमच्या पाण्यालाही ओरडेल."

मार्सेलिनने फादरांकडे पाहिलं. "हिच्या हातून चालेल?"

"चालेल. चर्च जे करतं तेच करायचंय, एवढं तिच्या मनात असलं की झालं."

"हे पण आता बदललं?"

"नाही. हे पहिल्यापासूनच."

तिने बाटली नम्रताच्या हातात दिली आणि आत म्हणायचे शब्द सांगितले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते. नम्रताने अडखळत म्हटलं. मग न अडखळता म्हटलं.

"नाव काय घेऊ?"

मार्सेलिनच्या घरात नावं आजीच ठेवायची.

"तू ठरव," ती म्हणाली.

दार मिटलं. मार्सेलिनने पदर नीट केला आणि ती जिन्याकडे वळली.

"मावशी, आत्ता कुठे निघालात? थांबायला हवं."

"रिक्षाने जाते, लगेच येते." तिने कठड्याला धरलं. "एकाला सांगायचं राहिलंय."