झाकणावरचं 'वगैरे'

मी एक जुना पोळ्यांचा डबा आहे. मित्रांनो, भिलाईत राहतो म्हणून लोक मला उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "इथल्याच स्टीलचा दिसतो." अहो, इथल्या भट्ट्यांतून रूळ निघतात, डबे नाही! माझा जन्म नागपूरच्या इतवारीतला. हे मी पन्नास वर्षं मनातल्या मनात सांगतो आहे, पण डब्याचं ऐकतो कोण?

वसुंधराकाकूंच्या लग्नात मी आहेरात आलो. माझ्या झाकणावर 'वसुंधरा नरहरी भोयर' असं नाव आणि खाली लग्नाची तारीख कोरलेली आहे. नरहरीकाका भिलाई-३ स्टेशनला मालगाडीवर गार्ड होते. ते मला रोज सोबत न्यायचे. गार्डाच्या डब्यात पोळ्यांचा डबा, हा त्यांचा आवडता विनोद मी हजार वेळा तरी ऐकला आणि हजार वेळा वैतागलो. ते गेल्यावर मात्र तोच विनोद पुन्हा ऐकावासा वाटू लागला.

त्यांच्यामागे माझ्यात पोळ्या पडणं थांबलं. काकूंनी घराचे कागद चार घड्या घालून माझ्यात कोंबले आणि मला कपाटावर चढवलं. उंच जागा मिळाली म्हणून खूश व्हावं, तर तिथे नुसती धूळ.

ते घर काकूंच्या नावावर होतं, पण जमीन तीस वर्षांच्या लीजवर. तिची मुदत मार्चअखेर संपत होती. त्याआधी मुदत वाढवण्याचा अर्ज गेला नाही, तर घर हातचं जाण्याची भीती. त्यात कागदात घोळ. लीज लिहिणाऱ्या बाबूला 'नरहरी' हेच आडनाव वाटलं, म्हणून त्याने 'भोयर' लिहिलंच नाही. आधारकार्डावर मात्र पूर्ण नाव. आमच्या मराठी माणसांच्या तीन मजली नावांचं इकडे हे असंच होतं.

जानेवारीत काकू मला पिशवीत घालून शेजारच्या दुर्गला गेल्या. कोर्टाबाहेरच्या टिनाच्या शेडखाली राजकुमार वकिलांचं टेबल होतं. त्यांनी लीज आणि आधारकार्ड माझ्याच झाकणावर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.

"नाम में फरक है, माताजी. कोई बात नहीं. नाम सुधार, शपथपत्र, टाइपिंग, सब मिलाके बारह हजार."

मित्रांनो, हे मी या कानांनी ऐकलं. डब्याला कडी असते, कान नसतात, हे मला ठाऊक आहे. उगाच हसू नका.

काकूंनी निम्मे पैसे दिले आणि पावती मागितली. वकील म्हणाले, "घर की बात है, रसीद क्या करोगे?"

काकू जिद्दीच्या. शेडपासून दहा पावलांवर चिंधू बसायचा. तो भांड्यांवर नावं टाकून देतो, आपल्याच नागपूरकडचा. काकूंनी माझं झाकण त्याच्यापुढे ठेवलं. "आतून लिही. वकिलाचं सारं बोलणं लिही."

"अक्षरामागं तीन रुपये पडते, काकू."

इथे काकूंनी घात केला. बोटांवर अक्षरं मोजली, पुन्हा मोजली आणि नाव, शपथपत्र, टायपिंग हे सगळं गाळून लिहवलं, 'लीज काम १२ हजार वगैरे सह'. मी आतून ओरडत होतो, बाई, नाव तरी घाला! चहाला निघालेले वकील ते वाचून पोट धरून हसले. चिंधूचं मशीन हातात घेऊन त्यांनी स्वतः खाली सही केली. "लो माताजी, सुप्रीम कोर्ट तक चलेगा!"

मार्चच्या एकोणिसाव्या तारखेला निरोप आला की फी आता एकवीस हजार. मूळ कागद त्यांच्याजवळ आणि मुदतीला बारा दिवस. काकूंची नात प्रांजली चिडली. "आजी, ऑनलाइन शिकायत डाल देते ना!"

"तवरिक तारीख निघून जाईन, बाई. गाडी काढ."

प्रांजलीच्या स्कूटीवरून आम्ही पुन्हा टेबलासमोर. काकूंनी झाकण उलटं करून ठेवलं. "वकील साहब, उस दिन तुमनेच बोला था, सब मिलाके."

वकिलांनी वाचलं. "इसमें नाम कहाँ लिखा है? वगैरे में चाय-पानी आता है, माताजी. नाम का मामला अलग निकला."

अलग निकला! दोन्ही कागद माझ्याच झाकणावर ठेवून पाहिले होते की तुम्ही! सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आणि तोंडाला झाकण. इतका संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

काकूंनी झाकण पुन्हा सुलटं केलं. उठल्या आणि तिथूनच हाक मारली, "चिंधू, मशीन लाव! आता बाहेरून लिही, माह्या नावाखाली. 'नावाचं काम कबूल करून वकील राजकुमार फिरले.'"

"अक्षरं बहुत होते, काकू."

"होऊ दे." मग वकिलांकडे वळून म्हणाल्या, "ये डब्बा अब घर में नहीं बैठेगा. हमारे मराठी मंडल में चालीस घर हैं. तिळगूळ, चिवडा, सब इसी में जाएगा. सबने एक साथ प्लॉट लिया था, सबकी लीज इसी साल खत्म होती. पढ़ने दो सबको."

मशीन घर्रर करू लागलं. 'ना' एवढं अक्षर उमटलं आणि वकील धावतच आले. "रोको, रोको! बारह हजार ही, माताजी. आज ही अर्ज लगाता हूँ."

त्यांनी शब्द पाळला. संध्याकाळपर्यंत अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. पावसाळ्यात लीज आणखी तीस वर्षांसाठी वाढून आली आणि तिच्यावर नाव पूर्ण होतं. काकूंनी ते नाव तीनदा वाचलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं! मी कुठं जगून राहिली एवढी?" प्रांजलीने मान फिरवली.

माझ्या झाकणावर मात्र लग्नाच्या तारखेखाली ते एकटं 'ना' राहून गेलं. जो तो विचारायचा, हे काय? मी कंटाळून गेलो होतो.

आता माझ्यात पुन्हा गरम पोळ्या असतात. मित्रांनो, घरातली जुनी भांडी मोडीत काढण्याआधी त्यांच्यावर काय कोरलंय ते एकदा वाचा. आणि कुणाला काम सांगाल तेव्हा दोन अक्षरं वाचवू नका.

परवाच काकू मला घेऊन मुद्दाम दुर्गला गेल्या. चिंधूपुढे झाकण ठेवून त्या 'ना'वर बोट टेकवलं. "हा 'ना' धरून पुढं लिही. 'नात प्रांजली सुमेध भोयर'."

चिंधू सवयीने मोजायला लागला.

"मोजू नको," काकू म्हणाल्या. "पूर्ण लिही."