सुलोचनाबाईंच्या मांडीतली सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. टायटॅनियमची, छत्तीस सेंटिमीटर लांब, मांडीच्या हाडासारखी किंचित वाकलेली. कारखान्यात मला घासूनपुसून पाकिटात बंद केले. ते पाकीट इंदूरच्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये उघडले. तेव्हापासून चार वर्षे मी राजेंद्र नगरच्या सुलोचनाबाईंच्या डाव्या मांडीच्या हाडात, आतल्या पोकळीत राहते. लोक मला रॉड म्हणतात.

बाई निवृत्त शिक्षिका. स्वयंपाकघरात नुसत्या वळल्या आणि हाड मोडले. पडल्यामुळे मोडले नाही. मोडल्यामुळे त्या पडल्या. आधी चार महिने मांडी दुखत होती, पण ते त्यांनी वयावर ढकलले होते.

हाडांच्या ठिसूळपणावरची आठवड्याची गोळी किती वर्षे घेता, असे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मितालींनी विचारले.

"अकरा. एक रविवार चुकवला नाही," बाई अभिमानाने म्हणाल्या.

पोहे गार झाले तरी चालतील, पण गोळीनंतर अर्धा तास काही खायचे नाही, हा त्यांचा नेम. पाच वर्षांनी पुन्हा दाखवा, हे गोळीच्या जुन्या चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेले मात्र घरात कोणी वाचलेच नव्हते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावले की, हाडाचा जुना भाग सतत काढला जातो आणि तिथे नवा भरला जातो. गोळी हे काढणे मंदावते, म्हणून पुष्कळांचे खुबे आणि मणके वाचतात. पण फार वर्षे घेतली, तर क्वचित एखाद्याच्या मांडीच्या हाडातल्या बारीक चिरा दुरुस्त व्हायच्या राहतात. त्यांनी ती गोळी बंद केली.

उजव्या मांडीच्या एक्स-रेतही तशीच एक चीर होती. बाईंचे यजमान शंकरराव घाबरले.

"चांगल्या पायाला कशाला छेडता, डॉक्टरजी?"

"मग तो तुटायची वाट बघायची का, काका?"

"दोन्ही करा," बाई म्हणाल्या. "जोडीनं चालतील."

अशी माझी बहीण उजवीकडे आली.

खरी परीक्षा पुढेच होती. असे हाड फार सावकाश जुळते. ते जुळलेच नसते, तर पावलापावलाने थकून एक दिवस मीही तुटले असते. बाई वॉकर घेऊन गल्लीत निघाल्या की शंकरराव पुढे चालत आणि पोरांना इंदुरी थाटात सांगत, "भिया, जरा साइड द्या, आमची गाडी येतेय." बाई त्यांना दटावत, पण हसत. प्रत्येक पावलाला मी भार उचलत होते आणि हाडाची वाट बघत होते.

नवव्या महिन्यात नवा एक्स-रे निघाला.

"मोडल्याची रेघ कुठंय?" बाईंनी विचारले.

"तीच शोधतेय मी," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीये."

शंकरराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी गोळी घेत असेल, तर ती मनाने बंद करू नका आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे चालूही ठेवू नका. न पडता मांडी किंवा जांघ दुखू लागली, तर लगेच सांगा.

आता मला कोणी विचारत नाही. परवा शेजारच्या उषाताईंनी विचारले, मोडला होता तो पाय कोणता? सुलोचनाबाई जिना चढता चढता थांबल्या, विचारात पडल्या, आणि त्यांना आठवेना. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी होती.